ठमाबाईच्या दारातला सीन

सकाळी साडेआठच्या सुमाराला प्रितेशची गाडी खाडीकाठच्या मोकळ्या प्लॉटवर येऊन थांबली, मागचं दार उघडलं आणि आतून ठमाबाई उतरली. बुधाजीच्या हातात त्या वेळी चहाचा कागदी कप होता. तो त्याने टेबलावर ठेवला की सांडला, हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही. जी बाई पुन्हा आपल्या बायकोसमोर येऊ नये म्हणून पन्नास वर्षं त्याने एकवीरेला साकडं घातलं होतं, ती ब्याऐंशीव्या वर्षी हिरवं लुगडं कासोटा मारून नेसून, अंबाड्यात अबोली माळून, त्याच्या नातीच्या शूटिंगला आली होती. आणि तिला घेऊन आला होता त्याचाच पोटचा मुलगा.

प्रितेश खूश होता. न्हावा शेव्याच्या बंदरात त्याचे कंटेनर वाहणारे सहा ट्रेलर चालतात, त्यामुळे कुठलीही वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेली की काम झालं, अशी त्याची समजूत आहे. त्याच्या भाचीच्या, इराच्या पिक्चरमध्ये लग्नाचा सीन होता. कोळ्यांच्या घरचं लग्न म्हणजे धवलारीण हवी. भटजीने कितीही मंत्र म्हटले तरी धवलारणीने समोर बसून धवले गायल्याशिवाय नवरा-नवरी एकमेकांची होत नाहीत, हे त्या घरात सगळ्यांना पाठ. इराला त्या जागी नटी नको होती, खरी धवलारीण हवी होती. पनवेलच्या दोघी लग्नसराईत अडकलेल्या. तेव्हा प्रितेश सरळ उरणकडे मोऱ्याला गेला आणि त्या सगळ्या किनाऱ्यावर जिचा आवाज मोठा मानतात तिला ठरवून आला. ती आपल्या आईची सख्खी थोरली बहीण आहे आणि आई तिच्याशी पन्नास वर्षं बोललेली नाही, ही त्याच्या मते जमेची बाजू होती. पिक्चरच्या निमित्ताने दोघींचं जुळून जाईल, असं त्याने किशोरीला फोनवर सांगितलं. किशोरी म्हणजे त्याची बहीण, इराची आई, शाळेत उपमुख्याध्यापिका. तिने त्याला वेड्यात काढलं आणि दुसऱ्या दिवशीची रजा टाकली.

बुधाजीची बायको गुणाबाई तेव्हा मेकअपच्या तंबूपाशी बसून मितालीला कासोटा कसा मारायचा ते शिकवत होती. मिताली म्हणजे पिक्चरमधली तरुण गुणाबाई. लुगडं अर्धं नेसून झालं होतं. गुणाबाईने मान वर केली, बहिणीला पाहिलं, उठली, खुर्ची उचलली, उलट्या बाजूला तोंड करून ठेवली आणि पुन्हा बसली. मितालीला ते अर्धं लुगडं सावरत वळसा घालून पलीकडे जावं लागलं.

बुधाजी धावत तिथे गेला. गुणाबाई चारचौघांत नवऱ्याला ‘तुमी’ म्हणायची आणि रागावली की ‘तू’ म्हणायची. त्या घरात हवामान ओळखायला तेवढं पुरेसं होतं.

"तिला कुनी बोलावली?" तिने विचारलं.

प्रितेशने, असं त्याने सांगितलं. आपला त्यात काही हात नाही, हेही सांगितलं.

"आली हाय तर जेवायला घाला आनि वाटेला लावा. मी तिकडं बघनार नाय. तुमीबी जाऊ नका तिच्या वाऱ्याला. एकदा काय झालं ते इसरलात?"

तुमी म्हणाली, म्हणजे अजून सगळं ठीक होतं. बुधाजीला एवढा धीर आला की त्याने मितालीच्या कासोट्याबद्दल सुद्धा दोन शब्द सुनावले.

गुणाबाईला जे ठाऊक होतं ते असं. पंचाहत्तर साली, बापाने दुसरीकडे ठरवलेलं लग्न मोडून ती बुधाजीबरोबर पळून आली. पनवेलात कचेरीत सह्या झाल्या, पण सह्यांना कोळीवाड्यात कोण विचारतो. आई लहानपणीच गेलेली, ठमाबाईनेच तिला वाढवलेलं, आणि ठमाबाई तेव्हाच नावाजलेली धवलारीण. आक्काने धवला गायला की कोणाची बोलायची टाप नाही. म्हणून गुणाबाईने नवऱ्याला मोऱ्याला धाडलं, बहिणीला लग्नाचं बोलावणं द्यायला. तो सकाळी गेला आणि दिवेलागणीनंतर परत आला, डोळे सुजून लाल झालेले. ठमाबाईच्या दारात तो अनवाणी उभा राहिला होता, तापलेल्या दगडावर. ती एकदाच बाहेर आली, "माजी बहीन मेली" म्हणाली आणि दार धाडकन लावून घेतलं. गुणाबाईने त्या दिवशी बहिणीचं नाव टाकलं. पुढे पन्नास वर्षं नात्यातल्या एकाही लग्नाला ती वेळेवर गेली नाही. ठमाबाईचं गाणं आटोपून ती निघाली असेल, असा हिशेब करून ती जेवणाच्या पंगतीला पोचायची.

गोष्ट सांगता सांगता वाढते, तशी ही वाढली. किशोरी लहान असताना बुधाजी त्या दारात तासभर उभा होता. प्रितेश शाळेत जायला लागला तेव्हा तो तीन तास उभा होता. इरा ऐकायच्या वयाची झाली तोवर एक कुत्रंही येऊन त्याच्या पायाशी बसायला लागलं होतं, आणि एका शेजारणीने तांब्याभर पाणी देऊ केलं होतं, जे त्याने घेतलं नव्हतं. इरा ऐकून रडायची. मोठी होऊन ती पिक्चरच्या धंद्यात गेली, आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबली, आणि स्वतःचा पहिला पिक्चर काढायची वेळ आली तेव्हा तिने हीच गोष्ट उचलली. पिक्चरला दोन मजले होते. वरच्या मजल्यावर आजचं पनवेल, एक म्हातारा आपल्या नातीला गोष्ट सांगतोय. खालच्या मजल्यावर पंचाहत्तर सालची ती गोष्ट. आणि सगळा पिक्चर ज्या एका खांबावर उभा होता तो म्हणजे ठमाबाईच्या दारातला सीन.

खरं काय घडलं होतं ते जगात एकट्या बुधाजीला ठाऊक होतं. तो मोऱ्याला गेलाच नव्हता.

आयुष्यात त्याने फार काही मिळवलं नाही, हे तो स्वतःच सांगायचा. बर्फाच्या कारखान्यात कारकुनी, नंतर बंदरात कारकुनी, आणि आता करंजाड्याला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पण गुणाबाई चार बायकांत बसली की म्हणायची, "माज्यासाटी हा मानूस दगडावर उभा राहिला." ते ऐकताना त्याची मान ताठ व्हायची. आता दोन बहिणींमध्ये पंधरा पावलांचं अंतर होतं. त्यातली एक जरी तोंड उघडून दुसरीशी बोलली असती, तरी ती मान कायमची खाली गेली असती.

म्हणून तो ठमाबाईला तिथून हलवायच्या मागे लागला. पोहे खायला चला म्हणाला. सावलीत बसा म्हणाला. खाडीला भरती आलीय, बघण्यासारखी आहे, असंही म्हणाला. साठ वर्षं खाडीत उतरून कालवं काढलेल्या बाईला खाडी दाखवायची कल्पना त्याला त्या घाईत बरी वाटली. ठमाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती पुढे निघाली. इराने तिला मॉनिटरशेजारी खुर्ची दिली, तिथे ती बसली. तिची नजर पलीकडच्या पाठमोऱ्या खुर्चीवर होती.

तिकडे तोच सीन सुरू होता. प्लायवूडचं घर उभं केलेलं, त्याला निळं दार, दारासमोर वरद अनवाणी उभा. वरद म्हणजे तरुण बुधाजी, दिसायला इतका देखणा की बुधाजीने पहिल्या दिवशी त्याला पाहून इराकडे काही तक्रार केली नव्हती. सकाळपासून सहा टेक वाया गेले होते. पंचाहत्तर सालच्या शांततेत एकदा डोक्यावरून विमान गेलं. दोनदा उरण रस्त्यावरच्या ट्रेलरने हॉर्न दिला, त्यातला एक प्रितेशचाच होता. तीनदा कुत्रं उठून नाश्त्याच्या टेबलाकडे गेलं.

आणि या सगळ्यात बुधाजीच्या कानाशी चारुदत्त. चारुदत्त म्हणजे त्याचे व्याही, किशोरीचे सासरे, नवीन पनवेलला राहतात, बँकेतून निवृत्त. पिक्चर जुन्या काळातला आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःची सल्लागार म्हणून नेमणूक करून घेतली होती. पंचाहत्तर साली असं बटण नव्हतं म्हणून त्यांनी विजेचा बोर्ड उतरवायला लावला होता, आणि जमावातल्या एका माणसाच्या मिशा काढायला लावल्या होत्या. पण चार दिवस त्यांना वेगळाच किडा चावला होता.

"बुधाजीराव, हा प्रसंग मी आधी पाहिलाय."

"पायला कसा असंल, व्याहीबुवा? माज्या आयुष्यातला हाय तो."

"तेच तर म्हणतोय मी. तुमच्या आयुष्यातला प्रसंग मी कसा पाहिला?"

बुधाजी म्हणाला की असं उन्हामुळे होतं, टोपी घाला. चारुदत्तांनी टोपी घातली, पण विचार करायचं थांबवलं नाही.

सातवा टेक लागला. वरद उभा राहिला, कुत्रं बसलं, शेजारीण पाणी घेऊन आली, त्याने मान हलवली. निळं दार उघडलं, आतून कपाळाला आठ्या घातलेली बाई आली, "माजी बहीन मेली" म्हणाली आणि दार असं आपटलं की प्लायवूडचं घर हललं. विमान नाही, हॉर्न नाही. इरा "कट" म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठमाबाई मॉनिटरकडे वाकून बघत होती.

"ही खाष्ट बाई कोन गो?" तिने विचारलं.

खोटं बोलण्याचा गुण नातीत उतरला नव्हता. इरा अडखळली, प्रितेशमामाकडे पाहिलं, तो मोबाइलमध्ये शिरला. मग तिने खरं ते सांगितलं. "मावशीआजी, त्या... त्या तुम्ही आहात."

"मी?"

इराने हळू आवाजात, जमेल तितक्या मऊ शब्दांत, सगळं सांगितलं. आजोबा कसे आले, कसे उभे राहिले, तुम्ही काय म्हणालात, दार कसं लावलंत. आता त्याला फार वर्षं झाली, कोणाच्या मनात काही नाही, असंही म्हणाली. ठमाबाईने शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने धवला गाते त्या आवाजात, म्हणजे पाच घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हा माज्या दारात कवा आलेला?"

उलट्या खुर्चीवर गुणाबाईची मान हलली.

बुधाजीने तेव्हा जे केलं त्याची त्याला पुढे कित्येक दिवस लाज वाटत होती. तो पुढे झाला आणि समजूतदार चेहरा करून म्हणाला की वय झालं की माणसाला आठवत नाही, ठमाबायनी मनाला लावून घेऊ नये. किशोरीने लगेच बापाची बाजू घेतली. तिच्याही शाळेतल्या एका बाईंना असंच व्हायला लागलंय, असं तिने सांगितलं. प्रितेश मावशीच्या बाजूने उभा राहिला. हिला चारशे धवले पाठ आहेत, वाटेत गाडीत तिने त्याच्या सासरच्या सात पिढ्यांची नावं म्हणून दाखवली, हिला विसरायला काय झालंय, असा त्याचा मुद्दा होता. भाऊ-बहिणीचं तिथेच जुंपलं. इरा मध्ये हातात कागद घेऊन उभी. तिला फक्त एवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, सीन खरा आहे.

"दार लावलं म्हनता," ठमाबाई शांतपणे म्हणाली. "माज्या घराला तवा दार कुटं होतं? गोनपाट लावलेला. मी काय गोनपाट आपटला?"

  बुधाजीने त्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे त्याला दारच नसेल हे पन्नास वर्षांत त्याला सुचलंच नव्हतं. सगळ्यांच्या नजरा गुणाबाईकडे गेल्या. पळून येण्याआधी ती त्या घरात दोन वर्षं राहिली होती.

गुणाबाई उठली. खुर्ची तिने होती तशीच ठेवली, स्वतः मात्र वळली. "गोनपाट होता," ती म्हणाली. "मला वाटलं, मी गेल्यावर बसवलं असंल दार."

बुधाजी घाईने म्हणाला की हो, बसवलं होतं, नवीनच होतं, निळं. आणि तेवढ्यात चारुदत्त टोपी काढून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर, चार दिवस अडकलेला घास गिळल्यावर येतो तसा आनंद होता.

"आठवलं. पिक्चर होता. नाव काही येत नाही ओठांवर, पण मी दादरला तीन वेळा पाहिला होता. नायक नायिकेच्या थोरल्या भावाच्या दारात उभा राहतो. अनवाणी. शेजारीण पाणी देते, तो घेत नाही. बुधाजीराव, निळं दार होतं हो त्यात. आणि कुत्रं. अगदी असंच, एक कान पडलेलं."

ते बोलत असताना त्यांना कळत नव्हतं की आपण काय करतोय. बोलणं संपल्यावर कळलं, आणि त्यांनी टोपी पुन्हा घातली.

बुधाजी मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. आता पळायला जागा नव्हती. समोर इरा. एका बाजूला ठमाबाई, दुसऱ्या बाजूला गुणाबाई. त्याने बायकोकडे पाहून बोलायचं ठरवलं होतं, पण ते जमेना, म्हणून तो कुत्र्याकडे बघत बोलला.

त्या दिवशी तो घरून निघाला तो खरोखर मोऱ्याला जायलाच. पनवेलच्या स्टँडवर उरणची गाडी लागली होती. तो चढला. मग उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. ठमाबाईला कोण भ्यायचं नाही? एकदा बुडणाऱ्या माणसाला तिने केस धरून होडीत ओढून घेतलं होतं आणि तो शुद्धीवर आल्यावर, भरतीत का उतरलास म्हणून त्याला दोन थोबाडीत दिल्या होत्या. आपण तर तिची बहीण पळवलेली. पुढच्या गाडीने जाऊ, असं म्हणून तो स्टँडबाहेर आला. पलीकडे टॉकीजमध्ये दुपारच्या खेळाची घंटा वाजत होती. तीन तास बसलं की धीर येईल, असं त्याला वाटलं. आत पडद्यावर एक माणूस नेमका तेच करत होता जे याला करायचं होतं. दारात उभा होता. बुधाजी इतका रडला की मध्यंतरात शेजारच्या माणसाने त्याला पाणी आणून दिलं. पिक्चर संपल्यावर तो पुढचा खेळही बघून बाहेर आला. तोवर शेवटची गाडी गेली होती.

"घरी आलो," तो म्हणाला, "तर तू दारात. माजे डोले बगितलेस आनि म्हनालीस, हाकललं ना आक्कानं? मी फकस्त मान हलवली. खरं सांगतो, तेवडंच केलं. मग तू पदरानं माजं तोंड पुसलंस. हातानं भरवलंस. एवडं मला कदी कुनी केलं नव्हतं, गुने. मग खरं कसं सांगू?"

 शाळेत कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे ती बघत असेल, तसं किशोरीने बापाकडे पाहिलं.  गुणाबाईच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते पन्नास वर्षं बरोबर राहूनही बुधाजीला वाचता येत नव्हतं.

"दोन खेल बगितलेस?" शेवटी ती म्हणाली.

‘तू’ आला होता. "दोन," तो म्हणाला.

"मी घरी उपाशी. येशील म्हनून."

त्याने मान खाली घातली.

"मला नेलं नायस," ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, दुखावलेला होता, आणि तोच बुधाजीला जास्त लागला.   त्याच्याशी बोलायचं तेवढंच होतं. ती त्याच्या शेजारून निघून ठमाबाईसमोर जाऊन उभी राहिली.

"आक्का, तू माजी वाट बगितलीस?"

"आठ दिस," ठमाबाई म्हणाली. "गोनपाट वर बांदून ठेवलेला. कुतरी घरात शिरत होती, तुजा दाजी मला शिव्या देत होता. बोलावनं येल, मग मी जाईन, गाईन. नाय आलं. मग मला वाटलं, गुनीला शिकलेला नवरा मिलाला, आता तिला बहिनीची लाज वाटते. लग्नात मी गाऊन निगायचे तेवा तू लांबून येताना दिसायचीस. मी त्या रस्त्यानं जायचंच सोडलं. काल हा तुजा पोर आला, म्हनाला, आईच्या घरचं बोलावनं हाय. रातभर झोपले नाय मी."

प्रितेशने असं म्हटलं होतं खरं. ती आपण मारलेली थाप होती, हे कबूल करायची ही वेळ नाही एवढं त्याला कळलं.

गुणाबाई खाली बसली, बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडली. सत्तर वर्षांची बाई लहान मुलीसारखी रडत होती आणि ब्याऐंशी वर्षांची बाई तिच्या पाठीवर थापटत, गप गो, गप, म्हणत स्वतःही रडत होती. विमान गेलं, दोन ट्रेलर गेले, ध्वनिमुद्रण करणाऱ्याने हात वर केला नाही. बुधाजीही रडला. आपण या दोघींची पन्नास वर्षं खाल्ली, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. आजवर तो फक्त पकडलं जाण्याला भीत होता.

निदान आता तरी जे करायला निघालो होतो ते करावं, असं त्याला वाटलं. लग्नाच्या सीनसाठी ताटं मांडून ठेवली होती. त्यातला नारळ त्याने उचलला आणि तो पिसासारखा हातात वर आला. थर्माकोलचा होता. प्रितेशला उरण नाक्यावर पिटाळून त्याने खरा नारळ आणवला, विड्याची पानं आणवली, आणि उन्हातून चालत जाऊन ठमाबाईच्या पुढे वाकला.

"ठमाबाय, आमच्या लग्नाला या. धवला गायला या."

ठमाबाईने नारळ हातात घेतला, कानाशी हलवून पाणी आहे का पाहिलं. या देखण्या पोरापोरींवर आपण गाणार नाही, खोट्या नवरा-नवरीवर आपण कधी गायलेलं नाही, हे तिने इराला बजावलं. या दोन म्हाताऱ्यांवर गाईन, तुमचा कॅमेरा कुठे बघायचा तिथे बघू दे, असंही म्हणाली. इराचे डोळे चमकले. मग ठमाबाईने पायाशी बसलेल्या गुणाबाईकडे बघून विचारलं, "काय गो, उभी रातेस का या भित्र्यासंगती?"

"राईन," गुणाबाई नाक पुसत म्हणाली. "पन आज नाय. आज तू आलीयस. त्याला थांबू दे."

त्या दिवसाचं काम तिथेच थांबलं. माणसं जेवायला बसली. बहिणी मांडवात एका ताटात जेवल्या आणि जेवताना एकमेकींना मेलेल्यांची नावं सांगत राहिल्या. इरा मात्र प्लायवूडच्या घराच्या पायरीवर बसली होती. सकाळी टाळ्या मिळालेला सीन आता खोटा ठरला होता, आणि वर चोरीचा. चारुदत्त तिला कॉपीराइटचा कायदा समजावून सांगत होते. किशोरी म्हणत होती, दार काढून गोणपाट लाव. प्रितेश म्हणत होता, कुत्रं बदल, काम होईल. बुधाजी नातीजवळ जाऊन उभा राहिला. माफी कशी मागावी ते त्याला सुचत नव्हतं. ही पोर आठ वर्षं राबली होती, आणि त्याने तिला ऐकवली ती दुसऱ्याचीच गोष्ट होती.

इराने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग तिने कागद उलटा केला आणि लिहायला लागली. एसटी स्टँड. चढतो, उतरतो. टॉकीजची घंटा. अंधारात बसलेला एक घाबरट तरुण, समोर पडद्यावर दारात उभा असलेला एक शूर माणूस, आणि याचे वाहणारे डोळे. पिक्चरला आणखी एक मजला चढला होता. पडद्यावरची गोष्ट आपण आपलीच नवी रचू, म्हणजे कायद्याचाही प्रश्न नाही, असं ती म्हणाली तेव्हा चारुदत्तांनी मान्यता दिली.

"यात मी हिरो रानार का?" बुधाजीने विचारलं.

"नाही, आजोबा," इरा म्हणाली. "पण लोक ओळखतील तुम्हाला."

त्याने मान डोलावली. त्याला ते वाईट वाटलं नाही. मांडवातून गुणाबाईने हाक मारली. तिचे कान अजून शाबूत होते, सगळं ऐकलं होतं.

"इरा, तो टाकीजमदला सीन काडशील तवा मला त्याच्या बाजूला बसव."

"आजी, पण तू तिथे नव्हतीस. आता खरं घडलं तेच दाखवायचं ठरलंय ना?"

"त्याचं खोटं पन्नास वर्सं चाललं," गुणाबाई म्हणाली. "माजं एक चालू दे."